शिवसागरावरच्या लाँचमधील सागवानी बाकांना कोणता लेप द्यावा

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बामणोली आणि तापोळा येथून पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या लाँच चालतात. त्यांतली एक माझा मामेभाऊ आणि मी भागीदारीत चालवतो. म्हणजे पाण्यावरचे सगळे तो पाहतो, आणि हिशेब, कागदपत्रे व दुरुस्ती एवढे माझ्याकडे असते. आम्ही ती जुनी घेतली तेव्हा मागच्या उघड्या भागात दोन लांब सागवानी बाक होते आणि पुढे छताखाली एक घडीचे टेबल. लाकूड उत्तम होते. जुन्या वाड्याच्या तुळया चिरून केलेले असावे, असे सुताराने पाहताक्षणी सांगितले. वरचे व्हार्निश मात्र आधीच्या मालकाने कधी काळी दिलेले होते आणि बाकांच्या बैठकीवर त्याचे पापुद्रे इतके सुटले होते की बसून उठणाऱ्याच्या कपड्यांना ते चिकटून येत. ते सगळे काढून नवा लेप द्यायचा, एवढे ठरायला वेळ लागला नाही. कोणता द्यायचा, हे ठरायला मात्र एक अख्खा पावसाळा मध्ये गेला.

घरातल्या दरवाजाला किंवा दिवाणाला जो नियम लागतो तो येथे लागत नाही, हे आधी नीट मांडून ठेवणे मला आवश्यक वाटले. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटरवर आहे. दसऱ्यानंतर आभाळ निवळले की थेट मे अखेरपर्यंत बाकांवर दिवसभर ऊन असते, आणि पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन बाजूंनीही येते. हिवाळ्यात पहाटे धुके आणि दव इतके पडते की सकाळी पहिली फेरी निघण्यापूर्वी बाक फडक्याने पिळून पुसावे लागतात. पावसाळ्यात वासोटा किल्ल्याची वाट बंद असते आणि लाँच ताडपत्रीखाली बांधून ठेवलेली असते, पण त्या चार महिन्यांत तिकडच्या हवेत कोरडे असे काहीच राहत नाही. त्यातच वापर रांगडा. वासोटा उतरून आलेली मंडळी चिखलाचे बूट बाकावर टेकवून नाड्या सोडतात, पाठपिशव्यांची बक्कले टेबलावर आपटतात, चहा सांडतो, आणि इंजिनाला हात लावून आलेला आमचा माणूस तेच हात बाकाच्या कडेला पुसतो. उन्हाळ्यात पाणी उतरत जाते तसतशी लाँच बांधण्याची जागाही खाली सरकते, त्यामुळे काठावर वीज ओढून मशिनने घासकाम करण्याची सोय नसते. जे काही डागडुजीचे काम हंगामात करायचे, ते काचकागद, फडके आणि ब्रश एवढ्यावरच भागले पाहिजे. ही शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली आणि पुढे निर्णय तिच्यावरच झाला.

दुकानात जाण्याआधी मी जुना लेप कसा गेला आहे ते बारकाईने पाहिले. बाकांच्या खालच्या अंगाला आणि पायांच्या आतल्या बाजूला तेच व्हार्निश अजून धड होते. छताखालचे टेबल पिवळसर पडले होते, पण सुटले नव्हते. बैठकीच्या पट्ट्यांवर मात्र तीन ठिकाणी ते हमखास गेले होते: पट्ट्यांच्या टोकांना, जिथे तंतू आडवे कापले गेलेले असतात; धारदार कडांवर; आणि प्रत्येक स्क्रूच्या भोवती. स्क्रू साध्या लोखंडाचे होते आणि त्यांच्याभोवती शाई सांडावी तशी काळी वर्तुळे पसरली होती. लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंडाचा गंज यांचा ओलाव्यात संयोग झाला की असा काळा डाग पडतो. एक मोठा पापुद्रा मी नखाने उचलला आणि उलटा करून उजेडात धरला. त्याच्या खालच्या बाजूला राखाडी रंगाचे, कापसासारखे मऊ तंतू चिकटलेले होते. सुताराने तो माझ्या हातातून घेतला, बोटावर चोळला आणि म्हणाला, "सायेब, ह्यो वरनं न्हाई गेल्याला, खालनं सुटलाय. लाकडानंच सोडलंय त्याला."

त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे जे लिग्निन असते ते उन्हातल्या अतिनील किरणांनी फुटते. लेप पारदर्शक असला की ऊन त्याच्या आरपार जाऊन नेमक्या त्या जागी पोहोचते जिथे लेपाने लाकडाला धरलेले असते. चांगल्या व्हार्निशात हे किरण शोषणारे घटक मिसळलेले असतात, पण तेही काळाने खर्ची पडतात. मग वरचा थर शाबूत असला तरी त्याच्या पायाखालची पकड जाते, एखाद्या कडेतून पाणी आत शिरते आणि पापुद्रा उभा राहतो. म्हणजे लेप किती कठीण आहे यापेक्षा त्याच्यातून ऊन किती आत जाते आणि पाणी कुठून शिरते, हे दोन प्रश्न अधिक मोलाचे ठरतात.

तिसरा प्रश्न लाकडाच्या हालचालीचा. माझ्या परिचयाच्या एका ठेकेदाराकडून लाकडातील ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मी काही काळ मागून आणले होते. मे महिन्यात बाकाच्या पट्टीत ते ९ टक्क्यांच्या आसपास दाखवत असे आणि भर पावसाळ्यात, पाऊस अंगावर न घेतलेल्या पट्टीतही, १८ च्या घरात जाई. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट हलते. साग या बाबतीत इतर लाकडांच्या मानाने बराच शांत आहे, तरीही एवढ्या फरकाने १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी वर्षभरात दीड-दोन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. तिच्याबरोबर न ताणला जाणारा लेप सांध्यावर तडकणारच.

एवढे समजल्यावर काही पर्याय फार चर्चा न करता बाजूला पडले. लाखेचे स्पिरिट पॉलिश सुंदर दिसते, पण ओल लागली की पांढरे पडते. मेलामाइन हे आमच्याकडच्या पॉलिशवाल्यांचे आवडते काम. कपाटाला आणि पलंगाला ते शोभते, पण त्याचा थर ताठ असतो आणि बाहेरच्या उन्हात व ओलाव्यात तो टिकत नाही. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात मला मोठ्या आत्मविश्वासाने घरातल्या फर्निचरचे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दाखवण्यात आले. डब्यावर ते आतल्या कामासाठी असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले होते. मी ते वाचून दाखवल्यावर विक्रेत्याने डबा शांतपणे परत फळीवर ठेवला.

खरा विचार चार-पाच गोष्टींचाच करावा लागला. पहिले म्हणजे बोटींसाठीचे व्हार्निश, ज्याला स्पार व्हार्निश म्हणतात. शिडाच्या डोलकाठ्या वाऱ्यात वाकतात, त्यांच्यावर तडकू नये म्हणून त्यात तेलाचे प्रमाण जास्त ठेवलेले असते आणि त्यामुळे सुकलेला थर लवचिक राहतो. पहिला हात थिनरने बराच पातळ करून, पुढचे हळूहळू दाट करत, प्रत्येक दोन हातांमध्ये हलके घासत, असे सहा ते आठ हात द्यावे लागतात. कमी हातांत काम उरकले तर अतिनील किरणांना अडवण्याइतकी जाडी तयारच होत नाही. सागाचा रंग याच्याखाली जसा खुलतो तसा दुसऱ्या कशाखालीही खुलत नाही, हे मान्यच करायला हवे. पण उन्हात ठेवलेल्या व्हार्निशला दरवर्षी हलके घासून एक-दोन हात द्यावेच लागतात, आणि एक वर्ष ते चुकले की थर जागोजागी सुटून सगळे मुळापासून खरवडण्याची वेळ येते.

दुसरे, दोन डब्यांचे पॉलियुरेथेन. यात दोन प्रकार असतात आणि खरेदी करताना तो फरक विचारणे फार गरजेचे आहे. ज्यातला हार्डनर, म्हणजे थर कठीण करणारा दुसरा डबा, अॅरोमॅटिक जातीचा असतो ते उन्हात पिवळे पडते. अॅलिफॅटिक जातीचे पडत नाही, पण महाग असते. अॅलिफॅटिक पीयू घासटीला, डिझेलला आणि चहाच्या गरम ग्लासाला व्हार्निशपेक्षा कितीतरी चांगले तोंड देते. मात्र मिसळल्यानंतर ठरावीक वेळात ते संपवावे लागते आणि हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनामुळे श्वसनाचा गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून फवारा मारणाऱ्याला साधा कापडी रुमाल पुरत नाही, योग्य मास्क लागतो. माझी अडचण आणखी वेगळी होती. ते एका कोपऱ्यात सुटले तर तेवढाच तुकडा हाताने घासून बेमालूम जोडता येत नाही. कडा दिसत राहते आणि पाणी पुन्हा तिथूनच शिरते. काठावर बसून करण्याचे ते काम नव्हे.

तिसरे म्हणजे तेल. हर्णैला असलेल्या एका स्नेह्यांनी सांगितले की होड्यांना माशाचे तेल आणि काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची तिकडची जुनी रीत आहे. काजूचे तेल किडीला आणि पाण्याला दाद देत नाही, पण ते कातडीला भाजते. प्रवाशांनी उघड्या हातांनी टेकायच्या बाकावर ते नको. जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे रंगाऱ्यांचे बेलतेल, स्वस्त आहे आणि सातारच्या कोणत्याही रंगाच्या दुकानात मिळते. बाजारातल्या बहुतेक टीक ऑइलचा पायाही जवसाचे किंवा टंगचे तेल हाच असतो. तेलाचा पापुद्रा होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण नुसत्या तेलात ऊन अडवणारे काही नसते, आणि जवसाचे तेल दमट हवेत बुरशीला खाद्यच पुरवते.

चौथा पर्याय काहीच न लावण्याचा. सागात स्वतःचे तेल असते, म्हणून त्याचे गाभ्याचे लाकूड उघडे ठेवले तरी लगेच कुजत नाही. जहाजांचे सागवानी डेक पिढ्यान्‌पिढ्या उघडेच ठेवत आले आहेत. वरचा अगदी पातळ थर करडा-रुपेरी होतो आणि आतले लाकूड तसेच राहते. समुद्रावर हे अधिक सोपे असते, कारण खारे पाणी कुजवणाऱ्या बुरशीला फारसे मानवत नाही. आमच्याकडे पाणी गोडे आणि वरून घाटमाथ्याचा पाऊस. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळत राहिला की बुरशीला रान मोकळे. त्यात आमच्या बाकांतल्या काही पट्ट्यांच्या कडेला पांढरे, म्हणजे सालीजवळचे कच्चे लाकूड आलेले आहे, आणि त्याला सागाचे हे अभय नसते. करडे लाकूड पर्यटकांना जुनाट व अस्वच्छ वाटते, हा मामेभावाचा आक्षेपही मला दुर्लक्ष करण्यासारखा वाटला नाही.

सुताराचा स्वतःचा कल सरळ ऑइलपेंटकडे होता. शास्त्र म्हणून पाहिले तर त्याचेच म्हणणे सर्वांत भक्कम होते, कारण रंगातले रंगद्रव्य ऊन पूर्णपणे अडवते आणि नीट प्रायमर देऊन केलेला रंग उघड्यावर पारदर्शक लेपापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. पण वाड्याच्या तुळईचा साग तपकिरी पेंटखाली बुजवायला माझा हात धजेना. मामेभावाने कारण वेगळे दिले: "दादा, एवढा गडद रंग दिला तर मे महिन्यात माणसं बसायची न्हाईत, उभ्यानंच जातील." रंग आणि तेल यांच्या मधली जी जागा आहे, तिथे बाहेरच्या लाकडासाठीचा अर्धपारदर्शक वूड स्टेन येतो. त्यात तेलाचा पाया असतो आणि बारीक दळलेले लोह ऑक्साइड, म्हणजे गेरूच्याच जातीचे रंगद्रव्य, मिसळलेले असते. लाकडाच्या रेषा दिसत राहतात, ऊन बऱ्याच अंशी अडते, आणि जाड थर न होता तो लाकडात मुरतो, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. जुना होतो तेव्हा तो सोलत नाही, फिका पडत झिजतो.

कागदावर हे पटले तरी बाकांवर हात टाकण्याआधी मी नमुने करून पाहिले. त्याच तुळयांतल्या उरलेल्या एका तुकड्याच्या सारख्या पट्ट्या सुताराने काढून दिल्या. एकीला स्पार व्हार्निश, एकीला अॅलिफॅटिक पीयू, एकीला बेलतेल, एकीला मध्यम तपकिरी स्टेन, आणि एक कोरी. प्रत्येक पट्टीत एक स्क्रू मुद्दाम मारला, एक कड धारदार ठेवली, दुसरी गोल केली आणि एक टोक लेपाविना सोडले. प्रत्येकीच्या एका टोकाशी पत्र्याची पट्टी झाकण म्हणून बांधली, म्हणजे उन्हाने झालेला फरक शेजारी शेजारी दिसेल. या सगळ्या सातारच्या घराच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या ठेवल्या आणि हिवाळा, उन्हाळा व पावसाळा त्यांच्यावरून जाऊ दिला.

पाऊस ओसरल्यावर पट्ट्या खाली आणल्या तेव्हा बेलतेलाच्या पट्टीवर काळ्या ठिपक्यांची बुरशी दाट बसली होती. कोऱ्या पट्टीपेक्षाही ती वाईट दिसत होती. पीयू मधोमध आरशासारखे होते, पण उघड्या टोकाकडून पाणी शिरून त्याच्याखाली बोटभर लांबीची दुधी जीभ आत सरकली होती. व्हार्निशची गोल केलेली कड शाबूत होती आणि धारदार कड केसासारखी उकलली होती. द्रवरूप लेप सुकताना धारेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमक्या तिथेच तो सर्वांत पातळ राहतो, हे मी ऐकले होते. पण एकाच पट्टीच्या दोन कडांतला हा फरक पाहिल्यावर सुतारही काही वेळ ती हातात फिरवत बसला. स्टेनची पट्टी पत्र्याखालच्या भागापेक्षा फिकी झाली होती, मात्र सगळीकडे सारखीच. मी ती साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवली, काचकागद हलका फिरवून अर्ध्या भागावर स्टेनचा एक हात दिला, आणि दुसऱ्या दिवशी जुने कुठे संपते व नवे कुठे सुरू होते ते सांगता येईना.

निवड त्यानंतर अवघड राहिली नाही. उघड्यावरच्या बाकांना तेलाच्या पायाचा अर्धपारदर्शक स्टेन, आणि छताखालच्या टेबलाला स्पार व्हार्निश. टेबलावर ऊन तिरपे आणि थोडाच वेळ येते, वरून कापडी खोळ घालता येते, आणि खाण्यापिण्याच्या जागेला पुसून साफ होणारा बंद थर हवाच असतो. बाकांच्या पायांची जमिनीवर टेकणारी टोके मात्र वेगळी हाताळायची ठरवली, कारण कापलेले तोंड हे बारीक नळ्यांच्या जुडग्यासारखे पाणी ओढते. तिथे पातळ इपॉक्सी मुरवायचे. इपॉक्सी उन्हात खराब होते, पण पायांच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही.

काम लाँचवर केले नाही. बाक आणि टेबल सोडवून मेढ्याला घराच्या पडवीत आणले. जलाशयाच्या एका अंगाला कोयना अभयारण्य आहे, काठच्या लोकांचे पाणी आणि मासेमारी त्याच्यावर आहे. व्हार्निशचा भुसा आणि थिनर तिथे सांडणे मला योग्य वाटले नाही. जुने व्हार्निश सुताराने हीट गनने मऊ करून पटाशीच्या बोथट पात्याने आणि कोनाकोपऱ्यांत काचेच्या तुकड्याने खरवडले. मग काचकागद ८० नंबरपासून सुरू करून बाकांना १२० वर थांबवला. अधिक गुळगुळीत केल्यास स्टेन मुरत नाही, वरच राहतो. टेबल २२० पर्यंत नेले. लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले. गोड्या पाण्यात ३०४ ची प्रत पुरते. काळ्या वर्तुळांवर ऑक्झॅलिक अॅसिडचे कोमट पाण्यातले द्रावण ब्रशने लावले, आणि ते डाग डोळ्यांदेखत विरत गेले. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवून हे काम केले, आणि नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुऊन कित्येक दिवस सावलीत सुकू दिले. प्रत्येक धारदार कड रंध्याने मोडून पेन्सिलीच्या गोलाईइतकी केली. दोन पट्ट्यांमधली फट जिथे कचऱ्याने बुजली होती तिथे ती मोकळी केली, म्हणजे पाणी वर साचून राहणार नाही.

सागाच्या बाबतीत एक पायरी अनेक जण गाळतात. त्याचे नैसर्गिक तेल घासल्यानंतर पृष्ठभागावर येते आणि कोणत्याही लेपाची पकड कमी करते, व्हार्निशला तर सुकूच देत नाही. म्हणून लेप देण्याच्या अगदी आधी अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ पांढऱ्या फडक्याने लाकूड पुसायचे, फडके तपकिरी यायचे थांबेपर्यंत नवे घ्यायचे, आणि अॅसिटोन उडाले की लगेच काम सुरू करायचे. रात्रभर तसेच ठेवले तर तेल पुन्हा वर येते.

स्टेनचा पहिला हात भरपूर दिला, वीसेक मिनिटांनी जे मुरले नाही ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढले. हे पुसणे टाळले तर वर चिकट थर राहतो, त्याच्यावर धूळ बसते आणि बाक मळकट दिसू लागतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, तितक्याच पुसण्यासह. पट्ट्यांच्या टोकांना मात्र ते पिणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा देत राहिलो. वापरलेली फडकी मी घडी करून कोपऱ्यात टाकू दिली नाहीत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि त्या क्रियेत उष्णता तयार होते. बोळा करून ठेवलेले तेलकट फडके काडी न लावताही पेट घेऊ शकते. ती पाण्याच्या बादलीत बुडवून नंतर अंगणात एकेक पसरून वाळवली. पडवीत पेंढा रचलेला असताना ही काळजी घेणे अनाठायी नव्हते.

टेबलाचे व्हार्निश अधिक वेळखाऊ निघाले, आणि त्याचे कारण दव. मेढ्याला हिवाळ्यात संध्याकाळी लवकर गारठा उतरतो. दुपारी उशिरा दिलेला हात सुकण्याआधी त्यावर दव बसले तर चकाकी मरते. उलट भर उन्हात दिला तर लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगून थरात फुगे येतात. त्यामुळे ऊन वर येऊन लाकूड कोमट झाल्यावर आणि जेवणाच्या वेळेच्या आत, एवढ्याच अवधीत रोज एक हात, असा नियम पाळला. पुढच्या हाताआधी ३२० नंबरच्या पाण्याच्या कागदाने घासताना पांढरी पूड सुटली तरच आदला हात सुकला असे समजायचे. कागदाला गोळे चिकटले तर त्या दिवशी काम नाही. सातवा हात दिल्यावर टेबल आठवडाभर हात न लावता ठेवले.

बाक परत बसवल्यानंतर एक पूर्ण हंगाम झाला आहे. बैठकीच्या पट्ट्यांचा रंग किंचित उतरला आहे, पण कुठेही पापुद्रा नाही आणि स्क्रूंच्या भोवती काळेपणा आलेला नाही. पाणी टाकले की अजून थेंब उभे राहतात. फक्त बाकांच्या हातांवर, जिथे लाँचमध्ये चढणारा प्रत्येक जण आधारासाठी हात घालतो, तिथे लाकूड उघडे पडायला लागले आहे. ताडपत्री काढली की तिथे साबणाचे पाणी, काचकागद आणि स्टेनचे दोन हात, बाकीच्या बैठकीवर एक. टेबलाच्या एका कोपऱ्यावर बक्कल आपटून व्हार्निशचा टवका गेला होता. तो मामेभावाने त्याच आठवड्यात कडा निमुळत्या घासून, लहान ब्रशने पातळ हात देत भरून काढला. तिरप्या उजेडात पाहिले तर जोड दिसतो. दुरुस्तीच्या वहीत मी आता एक नवे पान केले आहे, आणि त्यावर पहिली नोंद सुताराने सुचवलेल्या कामाची आहे: लाँचमध्ये चढायची जी पायफळी आहे ती सागाची नसून किंजळाची आहे, सदैव ओली असते, आणि तिला स्टेन द्यायचा की सरळ त्याचा ऑइलपेंट, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.